सर्व्हर मधूनच गोठतो: स्लो क्वेरी लॉग की पीटी-स्टॉक?
मायएसक्यूएल डेटाबेसचा प्रायमरी (मुख्य सर्व्हर) अधूनमधून दोन-तीन सेकंद गप्प होतो आणि मग काही झालंच नाही असा चालू लागतो. अशा वेळी काय लावायचं: हळू क्वेरींची नोंद ठेवणारा लॉग, की सर्व्हर अडकताच पुरावे जमवणारं पीटी-स्टॉक (pt-stalk) हे टूल?

मेहनत लॉगला कमी, तो मायएसक्यूएलच्या आतच असतो. पण त्याची डीफॉल्ट मर्यादा 10 सेकंद; त्याहून जलद क्वेरी त्यात येत नाहीत. ती 1 वर आणा. 0 केलीत तर प्रत्येक क्वेरी नोंदली जाते, मग गर्दीच्या सर्व्हरवर डिस्कचे हाल.

खरा फरक पुराव्यात. लॉगमध्ये नोंद क्वेरी संपल्यावर होते, म्हणून रांगेत अडकलेला साधा प्रायमरी-की अपडेटही 3 सेकंदांचा दिसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! पीटी-स्टॉक मात्र चालू थ्रेड (एकाच वेळी काम करणारी कनेक्शन) 25 च्या वर गेले की त्याच क्षणी प्रोसेसलिस्ट (चालू क्वेरींची यादी), इनोडीबी स्टेटस (स्टोरेज इंजिनची स्थिती), आयओस्टॅट (डिस्कवरचा भार) गोळा करतं. कमिट (बदल पक्के करणं) डिस्कसाठी थांबलेत की सेमी-सिंक रेप्लिकाच्या (बदल मिळाल्याची पोच देणाऱ्या प्रत-सर्व्हरच्या) पोचपावतीसाठी, ते तिथे कळतं. फक्त डीफॉल्टने सलग 5 सेकंद ओलांडावे लागतात, म्हणून सायकल्स (सलग किती तपासण्या) 2 करा. नाहीतर छोटा झटका निसटतोच.

रेप्लिकावर लॉग आणखी लंगडा: प्रायमरीकडून रो फॉरमॅटमध्ये (क्वेरीऐवजी बदललेल्या ओळींच्या रूपात) आलेले बदल त्यात येतच नाहीत.

ठरावीक क्वेरीच हळू असेल तर लॉग पुरे. सगळंच एकदम थिजत असेल, किंवा रेप्लिका मागे पडत असेल, तर पीटी-स्टॉक.