आयए शिकायचं आहे: वर्गणी भरून अभ्यासक्रम, की पुस्तक आणि चार माणसं?

इन्फर्मेशन आर्किटेक्चर (आयए), म्हणजे वेबसाइट किंवा कॅटलॉगमधली माहिती सापडेल अशी कशी लावायची ते, शिकायचं ठरवलं की बडोद्यातल्या माणसापुढे साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे वर्षाची वर्गणी भरून परदेशी ऑनलाइन अभ्यासक्रम घ्यायचा. त्यात व्हिडिओ, चाचण्या, गृहपाठ आणि शेवटी प्रमाणपत्र. दुसरी म्हणजे एखादं चांगलं पुस्तक हाताशी ठेवून हेच किंवा याच्या जवळपासचं काम करणारी चार माणसं गाठायची आणि नियमाने बसायचं. मी दोन्ही करून पाहिलं आहे. साइटमॅप (साइटच्या पानांचा नकाशा), कार्ड सॉर्टिंग (विषयांची कार्डं वापरणाऱ्यांकडून लावून घेणं), वायरफ्रेम (पानाचा कच्चा आराखडा) हे थोडंफार माहीत आहे असं धरून पुढचं लिहितो.

अभ्यासक्रमाचे गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. आज काय शिकायचं, उद्या काय, याचा विचार आपल्याला करावा लागत नाही. ऑफिसातून आल्यावर तासभर बसलं की एक धडा उरकतो. वर्गवारी, लेबलं, नेव्हिगेशन, शोध हे सगळं क्रमाने येतं, काही सुटत नाही. पुण्याला किंवा बंगळुरूला मुलाखत द्यायची असेल तर प्रमाणपत्राचा थोडाफार उपयोग होतो, असं माझं मत झालं आहे. ग्राफिक डिझाइनमधून किंवा कंटेंट रायटिंगमधून इकडे वळणाऱ्याला तर सुरुवातीला अशी आखून दिलेली वाट बरी वाटते.

पुस्तकाबद्दल फार सांगायला नको. मुखपृष्ठावर पांढरं अस्वल असलेलं रोझेनफेल्ड आणि मॉर्व्हिल यांचं आयएवरचं पुस्तक १९९८ साली आलं. २०१५ च्या चौथ्या आवृत्तीत होर्हे अरांगो यांचीही भर पडली. त्यातली वेबसाइटांची उदाहरणं आता जुनी दिसतात, ती खुशाल ओलांडून पुढे जावं. सांगाडा पक्का आहे. ॲबी कव्हर्ट यांचं २०१४ चं छोटं पुस्तक वेबवर फुकट वाचता येतं. एखादाच प्रश्न अडला तर वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचा अभ्यास करणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुपचे लेखही फुकट आहेत. म्हणजे वाचायला काय मिळतं एवढंच पाहिलं, तर वर्गणी भरण्याचं फारसं कारण उरत नाही. पैसे मोजायचे ते तुमचं काम कुणीतरी तपासून द्यावं यासाठी, आणि माझं बिनसलं ते नेमकं तिथेच.

तेव्हा माझ्या हातात बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याचा कॅटलॉग होता. प्रकार बॉल, गेट, ग्लोब, बटरफ्लाय. धातू ब्रास, कास्ट आयर्न, स्टेनलेस स्टील (एसएस ३१६). वर साइज आणि पीएन १६, क्लास १५० अशी प्रेशरची रेटिंग. खरेदी खात्याचा माणूस यातल्या कुठल्याही बाजूने आत शिरतो. कुणाला साइज माहीत असते, कुणाला फक्त लाइनमधून वाफ जाते की पाणी तेवढंच. गृहपाठ म्हणून मी याचंच ट्री, म्हणजे वरून खाली फाटे फुटत जाणारी वर्गवारी, पाठवलं. तपासणारा होता माझ्यासारखाच दुसरा विद्यार्थी. रचना स्पष्ट आहे, लेबलं एकसारखी आहेत, पूर्ण गुण. पुढच्या गृहपाठालाही तेच. शिकवणाऱ्यांना प्रश्न विचारला तर उत्तरात त्याच धड्याची लिंक आली.

ही गोष्ट मला फार खटकली आणि अजून खटकते. आयएमध्ये प्रत्येक पातळीवर आपण काहीतरी आधी घेतो आणि काहीतरी मागे ढकलतो. ते का केलं हे कुणी विचारलंच नाही, तर पूर्ण गुण मिळवून माणूस काय शिकला? कदाचित दुसऱ्या एखाद्या अभ्यासक्रमात तपासणी नीट होत असेल. माझ्या वाट्याला आला तो असा.

तोच कागद आमच्या मंडळात नेला. मंडळ हा मोठा शब्द झाला. दांडिया बाजारात एका मित्राच्या ऑफिसात रविवारी सकाळी आम्ही जमतो. दोघे डिझाइनर, एक जण कंपन्यांचे कॅटलॉग लिहिणारा आणि ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालेल्या एक ताई. ताईंनी चष्मा लावला, कागदावर वरून खाली बोट फिरवलं आणि विचारलं, “साइज आधी का घेतलीत? आणि ज्याला साइज ठाऊक नाही, त्याने कुठल्या दाराने यायचं?”

मग कार्डं मांडून पाहिली. कारखान्यातल्या स्टोअरच्या माणसाला बोलावलं होतं. त्याला अडीच इंची व्हॉल्व्ह शोधायला सांगितला. ६५ मिमीचं कार्ड समोर होतं. त्याने ते उचललं, पाहिलं आणि बाजूला ठेवून दिलं. माप एकच, पण त्याच्या रॅकवर आणि चलनावर इंचच असतात. कॅटलॉगमध्ये दोन्ही मापं एकाच ओळीत गेली ती त्या सकाळमुळे, आणि प्रकार साइजच्या वर गेला तो ताईंच्या प्रश्नामुळे.

ताईंना हा प्रश्न सहज सुचला याला कारण आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचं द्विबिंदू वर्गीकरण, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकं लावण्याची पद्धत, १९३३ चं. विषयाचे पैलू सुटे करायचे आणि मग ठरलेल्या क्रमाने जोडायचे: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काल. जास्त मूर्त ते आधी. आज कुठल्याही खरेदीच्या साइटवर डाव्या बाजूला जे फिल्टर दिसतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे. फिल्टर कुठल्याही क्रमाने लावता येतात, पण मेनू, ब्रेडक्रम्ब (आपण साइटवर कुठे आहोत हे दाखवणारी पानावरची ओळ) आणि छापील कॅटलॉग यांना क्रम द्यावाच लागतो. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाने हा प्रश्न रोज सोडवलेला असतो. रोझेनफेल्ड आणि मॉर्व्हिल हेही मिशिगन विद्यापीठात ग्रंथालयशास्त्रच शिकले होते.

आणि बडोद्यात अशी माणसं शोधत लांब जावं लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतलं. त्यांनी ड्यूई आणि कटर या अमेरिकी ग्रंथपालांच्या पद्धतींची सांगड घालून बडोद्यासाठी वर्गीकरण तयार केलं, ग्रंथपालांचे प्रशिक्षण वर्ग सुरू केले. आजही मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी आहे आणि एमएस विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे. आयए शिकणाऱ्या मुलांना हे दार ठोठावावंसं वाटत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाहेरच्या जगाशी संबंध ठेवायचा असेल तर वर्ल्ड आयए डे आहे. २०१२ पासून निरनिराळ्या शहरांत स्थानिक मंडळी तो भरवतात. आयएची वार्षिक परिषद २००० साली बॉस्टनला सुरू झाली, २०१९ पासून तिचं नाव आयए कॉन्फरन्स. २००२ साली स्थापन झालेली आयए इन्स्टिट्यूट ही या व्यवसायातल्या लोकांची संघटना मात्र २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या लेखांत सदस्य व्हा असा सल्ला दिसला तर तो सोडून द्या.

मंडळाचे तोटेही आहेत. नवरात्रात गरब्याच्या दिवसांत कुणी फिरकत नाही, लग्नसराईत दोन-तीन रविवार बुडतात. वाचन आपलं आपण करावं लागतं, नाहीतर बैठकीत नुसत्या गप्पा होतात. काय शिकून झालं आणि काय राहिलं, याची यादी कुणी देत नाही.

येत्या काही महिन्यांत नोकरी बदलायची असेल आणि दाखवायला हातात काहीच नसेल, तर अभ्यासक्रम घ्या. जमल्यास कमीत कमी मुदतीची वर्गणी भरा. पण एखादी शाळा, दवाखाना, कारखाना, कुठलंही खरं काम हातात असेल, तर मी पुस्तक आणि माणसांकडे झुकेन. वर्गवारी आणि लेबलं ही दोन प्रकरणं आधी वाचा. आपलं ट्री एका मोठ्या कागदावर छापून घ्या, कारण लॅपटॉपच्या पडद्यावर कुणी पेनाने खुणा करत नाही. मग ग्रंथालयात काम केलेलं एक माणूस आणि ती साइट रोज वापरणार असलेलं एक माणूस, एवढ्या दोघांना बोलवा. सुरुवातीला एवढी माणसं पुरतात.