टाटा एस ईव्ही: विजेवरचा छोटा हत्ती कोणी दारात बांधावा?

गाडी चांगली आहे. पण ती परवडते की नाही, हे रूट आणि प्लग ठरवतात. रोज ठरलेली फेरी आणि रात्री स्वतःच्या गोडाऊनवर मुक्काम असेल तर डोळे झाकून घ्या. नाक्यावर उभं राहून मिळेल ते भाडं मारायचं असेल तर सध्या डिझेल किंवा सीएनजीच बरी.

आधी कागदावरचं. 21.3 युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, 27 किलोवॅटची मोटर, 130 न्यूटन मीटर टॉर्क, 600 किलो माल, 154 किमी रेंज. 2024 मध्ये आलेल्या ईव्ही 1000 मध्ये टनभर माल आणि 161 किमीचा दावा.

154 हा चाचणीतला आकडा, म्हणजे युनिटला सव्वासात किमी. माल भरून, दर चौकात थांबत जाताना युनिटला पाचच धरावेत. म्हणजे शंभरेक किमी. त्यातली 15-20 टक्के बॅटरी राखून ठेवायची, तेव्हा रूट 80-85 किमीचाच आखा. घाट असेल तर हिशेब वेगळा. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना सुमारे 560 मीटर उंची गाठायची असते. भरलेली गाडी 1.8 टनांची धरली तर नुसत्या चढाईला पावणेतीन युनिट लागतात आणि गळती धरून सव्वातीन, म्हणजे 15 टक्के बॅटरी. उतरताना ब्रेकिंगमधून काही परत मिळते, पण बॅटरी 100 टक्के भरलेली असेल तर तेही जवळपास नाही. अशा वेळी उतारावर गाडी नेहमीसारखी आवरत नाही, हे ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा.

पैशाचं गणित: चार्जिंगमधली गळती धरली तर मीटरवरच्या एका युनिटला साडेचार किमीच्या आतबाहेर. 10 रुपये दराने किमीला सव्वादोन रुपये. डिझेल 90 रुपये आणि 18 चा अ‍ॅव्हरेज धरला तर पाच. महिन्याला 2,000 किमी चालली तर साडेपाच हजार वाचतात. हीच गाडी रोज 20 रुपये युनिटच्या सार्वजनिक फास्ट चार्जरवर लावली तर किमीला साडेचार रुपये पडतात. मग एवढे पैसे गाडीत घातले कशाला?

चार्जिंगला 15 अँपिअरचा पॉइंट चालतो, पण तो सलग सहा-सात तास पूर्ण लोड ओढतो. जुन्या वायरिंगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर लावला की सॉकेट पिवळं पडतं, मग वितळतं. मीटरपासून 4 चौरस मिमीची स्वतंत्र तांब्याची वायर, वेगळी एमसीबी आणि नीट अर्थिंग हवंच. अर्थिंग कच्चं असेल तर चार्जर सुरूच होत नाही, आणि लोक दोष गाडीला देतात.

एलएफपीची एक खोड. रोज 40 ते 80 टक्क्यांतच खेळवली की बॅटरीचा काटा भरकटतो आणि 18 टक्के दाखवता दाखवता अचानक 6 वर येतो. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण 100 टक्के भरा. दुसरं, 12 व्होल्टची छोटी बॅटरी उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. सुट्टीवर जाताना तिची वायर काढून ठेवा. कशी काढायची ते डिलिव्हरीच्या दिवशीच विचारून घ्या. धुताना प्रेशर पंप नारिंगी केबल आणि चार्जिंग सॉकेटवर मारू नका.

क्लच नाही, गिअर नाही. शहरात ड्रायव्हरचा डावा पाय मोकळा राहतो आणि क्लच प्लेटचा खर्च वाचतो. मात्र टॉर्क लगेच मिळत असल्याने सिग्नल सुटल्यावर पेडल दाबायची सवय असलेला ड्रायव्हर मागचे टायर लवकर खातो. फ्लीट एज या टाटाच्या ऑनलाइन सेवेवर ड्रायव्हिंगची नोंद दिसते. आठवड्याला पाहत जा. 600 च्या जागी 900 किलो टाकून चढावर नेली तर मोटर-कंट्रोलर तापतो आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते. तो बिघाड नव्हे, संरक्षण आहे.

गल्ल्या अरुंद असतील तर जून 2025 मध्ये आलेली एस प्रो ईव्ही पाहा: 14.4 युनिट बॅटरी, 750 किलो माल, आली तेव्हा किंमत 6.50 लाखांपासून. तिचा 155 किमीचा दावाही याच कात्रीने कापून घ्या.