आमच्याच वावरातली तूर आम्हालाच 'सेंद्रिय' म्हणून विकली

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या पुढे. कापूस, सोयाबीन आणि मधल्या ओळींत तूर, एवढंच आमचं पीक. मी गावातल्या महिला बचत गटाची सचिव आहे. आमच्या गटातल्या १२ जणींचे १ लाख ८० हजार रुपये एका माणसाने सेंद्रिय धान्याच्या नावावर नेले, आणि त्याला घरोघरी घेऊन फिरणारी मीच होते. म्हणून हे लिहायची जबाबदारीही माझीच.

आम्ही भुललो का, ते आधी सांगते. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. त्याच हंगामात आमचे हेही दवाखान्यात होते. चार दिवस सलाईन, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात काही ठरत नव्हतं. घरी आल्यावर कितीतरी दिवस पंप दिसला की ते तोंड फिरवायचे. पण कर्ज डोक्यावर, बोंडअळी वावरात. फवारणी काही सुटली नाही. तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट घर करून बसली. जे औषध अंगावर उडालं तर माणूस आडवा होतो, तेच आपण पिकावर मारतो आणि तेच पीक लेकरांच्या ताटात वाढतो. निदान घरात शिजणारं तरी चांगलं असावं, एवढीच माझी इच्छा होती. यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर गावात एक पांढरी गाडी आली. हिरव्या अक्षरांत 'विषमुक्त ताट' लिहिलेलं. तिशीतला पोरगा, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी घरच्यासारखं. मारुतीच्या देवळापुढे बायका जमल्या. त्याने आमच्याच दुःखाला हात घातला. "माय, तुम्ही विष फवारता अन् तेच खाता. तुमच्या सासूले शुगर काहून झाली, सांगा बरं?" सगळ्यांना एकदम पटलं. मग योजना सांगितली. महिन्याला १५०० रुपयांची पिशवी: जात्यावर भरडलेली तूरडाळ, घाण्यावरचं फल्ली म्हणजे शेंगदाणा तेल, सेंद्रिय गूळ, तांदूळ आणि वायगावची हळद. वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट, म्हणजे १५ हजारांत १२ महिने. त्याने लॅमिनेशन केलेलं एक प्रमाणपत्रही दाखवलं. त्यावर गोल शिक्का होता, इंग्रजी मजकूर होता. आम्ही ते हातात घेतलं, मान डोलावली आणि परत दिलं. वाचलं कोणीच नाही.

आमच्या गटातल्या सातजणींकडे एकरकमी पैसे नव्हते. त्यांना गटातून अंतर्गत कर्ज काढून दिलं. ठरावावर सही माझी आहे.

पहिली पिशवी आली तेव्हा घरात सणासारखं वाटलं. डाळ परातीत ओतली. जात्यावरची डाळ आम्ही जन्मभर केली आहे. तिच्यात चुरी असते, कुठे साल राहतं, एखादा अख्खा दाणा सापडतो, रंग थोडा मळकट असतो. ही डाळ मात्र एकसारखी, पिवळीधम्मक, आणि मूठभर घेऊन चोळली तर तळहाताला तेलकट लागली. ही मिलची डाळ आहे, हे माझ्या हाताला त्याच क्षणी कळलं होतं. पण मी मनाला समजावलं, की मोठ्या गटाकडे चांगलं यंत्र असेल. पैसे देऊन बसलं की माणूस स्वतःच त्या विकणाऱ्याची बाजू घ्यायला लागतो.

हळदीचंही तसंच. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर हळद टाकली आणि न ढवळता ठेवली. चांगली हळद खाली बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. ही टाकल्या टाकल्या सगळं पाणी गर्द पिवळं झालं, तासाभराने पाहिलं तरी तसंच. घरच्या परीक्षेवरून कोणावर गुन्हा सिद्ध होत नाही, तेवढं मलाही समजतं. वायगावच्या हळदीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या हळदीला लावता येतं. ते नाव मोठं आहे, म्हणूनच वापरलं जातं.

सगळ्यात जास्त भीती वाटली ती सासूबाईंच्या बाबतीत. तो पोरगा सांगून गेला होता की सेंद्रिय गुळाने शुगर वाढत नाही, सहा महिन्यांत गोळ्या सुटतात. त्या काळा गूळ घालून रोज दोनदा चहा घेऊ लागल्या आणि गोळी एक दिवसाआड. महिन्याभरात पाय बधिर, रात्री पाच-पाच वेळा उठणं. डॉक्टर माझ्यावर रागावले, आणि ते बरोबरच होतं. गूळ सेंद्रिय असो की साधा, काळा असो की पिवळा, रक्तात जाऊन साखरच होतो. गूळ काळा आहे म्हणून तो सेंद्रिय ठरत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

बिंग फुटलं ते वेगळ्याच ठिकाणी. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या दादांच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते. मी पिशवीचं कौतुक करत होते. दादा ओसरीवरून म्हणाले, "वहिनी, थे पांढरी गाडी काय? त्यायनं आमच्याइथून १२ कट्टे तूर नेली न. रोखीनं. बाजारापेक्षा कट्ट्यामागं पन्नास जास्त देल्ले."

मी विचारलं, "दादा, तुमच्या तुरीवर फवारे किती झाले होते?"

"तीन. शेंगा पोखरणारी अळी लय होती मागच्या हंगामात."

मी तिथेच खाली बसले. ज्या औषधाला घाबरून आम्ही पैसे भरले, तेच औषध मारलेली आमच्या गावची तूर मिलमधून निघून, हिरव्या पाकिटात शिरून दुप्पट भावाने आमच्याच चुलीवर आली होती.

मग कृषी सहायकांना गाठलं. माझ्या मोबाइलमध्ये त्या प्रमाणपत्राचा फोटो होता. त्यांनी दोन मिनिटांत वाचून दाखवलं. प्रमाणपत्र दुसऱ्या जिल्ह्यातल्या गटाचं, पीक संत्रा, आणि मुदत संपलेली. त्यात तूर, हळद, भुईमूग कशाचंच नाव नाही. त्यांनी मला जे समजावलं ते इथे सांगते, कारण हे आधी माहीत असतं तर आम्ही वाचलो असतो. सेंद्रियचं प्रमाणपत्र माणसाला किंवा गाडीला नसतं. ते ठरावीक शेताला, ठरावीक पिकाला आणि ठरावीक मुदतीपुरतं असतं. रासायनिक शेती बंद केली की हंगामी पिकाची जमीन सेंद्रिय ठरायला साधारण दोन वर्षं जातात. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची खात्री द्यायची पद्धत; तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि ते एकमेकांच्या वावरात जाऊन पाहणी करतात. पाकिटावर सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह लागतं, एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक लागतो. आमच्या पाकिटावर चिन्ह नव्हतंच. क्रमांक होता, तो मोजला तर १२ आकडे.

पण छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला विकत असेल आणि त्याची वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल, तर त्याला सेंद्रिय प्रमाणपत्राची सक्ती नाही. हे ऐकून मला आमच्याच गावच्या मावशी आठवल्या. दोन एकर, घरची दोन गुरं, शेणखत आणि दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क. सहा वर्षं झाली, त्यांनी दुकानातलं औषध आणलं नाही. गाव त्यांना वेडं म्हणतं. ज्या महिन्यात आम्ही त्या गाडीवाल्याला पैसे मोजले, त्याच महिन्यात मावशींची ज्वारी गिऱ्हाईक नाही म्हणून व्यापाऱ्याकडे साध्या भावाने गेली. सेंद्रिय शेती थोतांड आहे असं कोणी म्हणू नका. आपल्याच यवतमाळच्या सुभाष शर्मांना त्याच कामासाठी २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. खोटा तो गाडीवाला होता, शेती नाही.

जाब विचारायला फोन केला तर पहिल्या दिवशी "ताई, गैरसमज झाला", दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. चौथी पिशवी आलीच नाही. पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा पावती काढली आणि पोटात गोळा आला. पावतीवर धान्याचा उल्लेखच नव्हता. 'सभासद शुल्क, परत मिळणार नाही' एवढंच, आणि एक मोबाइल नंबर. पत्ता नाही. आठजणींनी रोख दिले होते. चौघींनी फोनवरून पाठवले होते ते एका खासगी नावावर गेले, पण निदान त्यांची नोंद तरी बँकेत आहे. तक्रार उभी राहिली ती त्या चौघींमुळेच. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, हे तिथेच समजलं. अर्ज केला आहे. पाकिटं, पावत्या, उरलेली हळद, सगळं एका डब्यात सील करून ठेवलं आहे. तुमच्याकडे असं काही आलं असेल तर रिकामं पाकीटसुद्धा फेकू नका.

ज्या सातजणींनी कर्ज काढलं त्यांचे हप्ते सुरूच आहेत. त्यातल्या एकीचा नवरा नाही, ती दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाते. तिचा हप्ता सध्या मी भरते आहे. ती अजून माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नाही.

आता मावशींची ज्वारी आणि तूर आम्ही नऊ घरं मिळून घेतो. पेरणीला, निंदणाला त्यांच्या धुऱ्यावर जाऊन येतो, आणि पैसे माल घरात आल्यावर देतो.

मागच्या आठवड्यात माझ्या बहिणीचा फोन आला, ती राळेगावकडे असते. त्यांच्या गावात पांढरी गाडी आली आहे. नाव दुसरं आहे, अक्षरं हिरवीच. वर्षाचे पैसे भरले तर दोन महिने फुकट. मी तिला म्हटलं, त्याला फक्त एवढंच विचार: ही तूर कोणाच्या वावरातली, आणि आम्हाला उद्या सकाळी तिथे घेऊन जातो का?