ग्रेट व्हाइट शार्कची "१००% गॅरंटी" देणाऱ्यांपासून सावध राहा

केप टाऊनला जाणाऱ्यांनी हे आधी वाचा, विशेषतः ज्यांना शार्क केज डायव्हिंग, म्हणजे समुद्रात पिंजऱ्यात उतरून शार्क बघायचेत त्यांनी. आम्हा दोघांचे मिळून ९,००० रँड, म्हणजे आपले चाळीस हजारांच्या वर रुपये अडकले, आणि पैशांपेक्षा जास्त वाईट मला माझ्या भावाचं वाटलं.

त्याला लहानपणापासून शार्कचं वेड. आम्ही मूळचे मालवणचे, बाजारात मोरी, म्हणजे छोटा शार्क, आली की घरात मोरीचं मटण ठरलेलं, पण हा आजोबांबरोबर बंदरावर जाऊन टोपलीतल्या मोरीच्या तोंडात बोट घालून दात मोजत बसायचा. त्याच्या तिसाव्या वाढदिवसाला त्याला समुद्रात जिवंत ग्रेट व्हाइट दाखवायचा हे मी नोकरीला लागल्यापासून मनात धरलं होतं.

बुकिंग करताना इन्स्टावर एक एजंट सापडला, केप टाऊनचाच, बोलायला अगदी गोड. "मॅम, जुलै म्हणजे पीक सीझन, ग्रेट व्हाइट १००%, नाही दिसला तर फुल रिफंड." सोबत व्हिडिओवर व्हिडिओ, अख्खा शार्क सीलच्या मागे पाण्याबाहेर उडी मारतोय असे. माणशी ४,५०० रँड, अर्धे लिंकवर कार्डने आणि अर्धे पिकअपला आलेल्या ड्रायव्हरला कॅश. चॅटच्या वर ते छोटं घड्याळाचं चिन्ह दिसत होतं, म्हणजे त्याने मेसेज २४ तासांनी आपोआप जातील असं सेटिंग केलं होतं, मी बघितलं पण तेव्हा डोक्यात काहीच आलं नाही. भावाने उत्साहात मित्रांना दाखवायला दोन स्क्रीनशॉट काढले होते, नशीब आमचं.

पहाटे चारला गाडी आली. डाइव्ह होता ते गान्सबाय गाव केप टाऊनहून दोन-अडीच तास, त्याच्याच बाजूला क्लाइनबाय नावाचं छोटं बंदर आहे, गान्सबायच्या शार्कच्या सगळ्या बोटी तिथूनच सुटतात. तिथे काउंटरवर रेटचा बोर्ड लावलेला होता, माणशी २,६०० रँड, नाश्ता आणि पाण्यात घालायचा वेटसूट धरून. मी ड्रायव्हरला विचारलं तर म्हणे तुमचं स्पेशल पॅकेज आहे. बोट तीच, पिंजरा तोच, सूप-ब्रेड तोच, स्पेशल काय होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

बोटीवरच्या लोकांबद्दल मात्र माझी काहीच तक्रार नाही, उलट त्यांच्यामुळेच खरं कळलं. बोटीवर शार्कचा अभ्यास करणारी एक मुलगी होती, ब्रीफिंग संपल्यावर भावाने तिला विचारलं की ग्रेट व्हाइट साधारण किती वाजता येतात. ती जरा थांबली आणि म्हणाली, तुम्हाला कोणी सांगितलं ग्रेट व्हाइट दिसणार म्हणून? मग तिने सगळं नीट समजावलं. २०१७ पासून ओर्कांची, म्हणजे किलर व्हेलची, एक जोडी या भागात यायला लागली, पोर्ट आणि स्टारबोर्ड, बोटीवरच्या भाषेत डावी आणि उजवी बाजू, एकाचा पाठीवरचा पर डावीकडे पडलेला आणि दुसऱ्याचा उजवीकडे म्हणून ही नावं. ते ग्रेट व्हाइटला मारून मुख्यतः यकृतच खातात. यकृत नसलेले मेलेले शार्क किनाऱ्याला लागायला लागले आणि बाकीचे ग्रेट व्हाइट ही जागा सोडून गेले. आता इथे दिसतात ते मुख्यतः ब्रॉन्झ व्हेलर, ही शार्कचीच दुसरी जात. ग्रेट व्हाइट कधीतरी येतोही, पण त्याची गॅरंटी कोणीही प्रामाणिक माणूस देणार नाही. आणि ते उडी मारणारे व्हिडिओ गान्सबायचे नाहीतच म्हणाली, ते केप टाऊनजवळच्या फॉल्स बेमधल्या सील आयलंडचे, आणि तिथलेही ग्रेट व्हाइट जवळपास दिसेनासे झालेत.

भाऊ काही बोलला नाही, नुसता समुद्राकडे बघत उभा राहिला.

डाइव्ह तसा चांगला झाला, ते खोटं सांगणार नाही. पिंजरा बोटीला बाजूनेच बांधलेला असतो, हवेची टाकी वगैरे काही नाही, डोकं वर ठेवून उभं राहायचं आणि वरून "डाऊन, डाऊन" ओरडले की श्वास धरून खाली जायचं आणि खालच्या बारखाली पाय अडकवायचे. पाणी बर्फासारखं, हिरवट गढूळ, माशाच्या तेलाचा वास नाकात बसलेला. दोरीला बांधलेल्या ट्यूनाच्या मुंडक्यामागे एक ब्रॉन्झ व्हेलर माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला, पाठ खरंच तांब्याच्या भांड्यासारखी, डोळा माझ्याकडे वळलेला. सुंदरच होता. पण आम्हाला आधीच खरं सांगितलं असतं तर आम्ही त्यालाच बघायला आनंदाने आलो असतो, आणि तेही २,६०० मध्ये.

संध्याकाळी एजंटला रिफंडचा मेसेज केला तर उत्तर आलं, पावतीवर "शार्क डाइव्ह" लिहिलंय, शार्क दिसला ना? पावती उघडून बघितली तर खरंच त्यात ग्रेट व्हाइट हा शब्दच नव्हता. तोपर्यंत चॅटमधलं त्याचं गॅरंटीचं बोलणं गायब झालेलं.

खरा कहर पुढे. पॅकेजमध्ये "तुमच्या डाइव्हचा एचडी व्हिडिओ" होता, तो आठवड्याने ठाण्याला आल्यावर लिंकवर आला. घरातले सगळे टीव्हीसमोर बसलो, आईने मुद्दाम शेजारच्या काकूंनाही बोलावलं. आणि स्क्रीनवर चक्क ग्रेट व्हाइट, भलामोठा, स्वच्छ निळ्या पाण्यात! आई टाळ्या वाजवायला लागली. भावाने पॉज केलं आणि पिंजऱ्यातल्या माणसांवर बोट ठेवलं, ताई, यांच्या तोंडात हवेच्या नळ्या आहेत बघ. आमच्याकडे नळी नव्हतीच. नंतर शोधल्यावर तसं पाणी आणि तसे पिंजरे मेक्सिकोच्या ग्वाडालुपे बेटाचे असतात हे दिसलं, आणि तिथलं केज डायव्हिंग तर सरकारने २०२३ मध्येच बंद केलंय. म्हणजे कोणाचातरी जुना व्हिडिओ उचलून आमचा म्हणून पाठवला. आईला ते समजावून सांगताना भावाचा चेहरा बघवत नव्हता.

जाणार असाल तर मधल्या माणसाकडून घेऊच नका. तिथे सरकारी परवाना ठराविक बोटींनाच मिळतो, थेट बोटवाल्याच्या ऑफिसला मेल करा आणि एवढंच विचारा की गेल्या आठवड्यात कुठले शार्क दिसले, चांगले लोक स्पष्ट लिहून कळवतात. हवामान खराब झालं तर पैसे परत की फक्त दुसरी तारीख, हेही लेखी घ्या, कारण तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, ट्रिप बऱ्याचदा रद्द होतात. पूर्ण पेमेंट क्रेडिट कार्डने करा, कॅश एक रँडही देऊ नका, आणि समोरच्याने मेसेज गायब होण्याचं सेटिंग लावलेलं दिसलं तर तिथेच थांबा.

आमच्या बँकेने कार्डच्या अर्ध्या रकमेचा डिस्प्यूट घेतलाय, त्या दोन स्क्रीनशॉटच्या जोरावर, निकाल अजून यायचाय. कॅशचे ४,५०० गेलेच. त्या माणसाने आधीचा अकाउंट बंद केलाय, पण भावाला परवा नवीन नावाचा एक दिसला, प्रोफाइल फोटो तोच, उडी मारणारा शार्क, आणि खाली हिंदीत लिहिलंय, इंडियन गेस्टसाठी खास ऑफर.