सूटकेसवाला रेकॉर्ड प्लेअर: २८ सप्टेंबरला जुन्या तबकड्या लावण्याआधी

लतादीदींचा जन्म इंदूरच्या शीख मोहल्ल्यातला, २८ सप्टेंबर १९२९चा. किशोरकुमार त्याच वर्षी ४ ऑगस्टला खंडव्यात जन्मले आणि शिकायला इथल्या ख्रिश्चन कॉलेजात आले. म्हणजे २०२९ साली दोघांचीही शताब्दी. रामबाग, लोकमान्य नगर भागातल्या ज्या घरांत माळ्यावर रेकॉर्डींचा गठ्ठा पडून आहे, तिथे अशा दिवशी त्या वाजवायची हौस होणारच. आणि बाजारात सगळ्यात आधी नजरेला पडतो तो रेग्झिनच्या सूटकेसमध्ये बसवलेला, तीन गतींचा प्लेअर. वरचा शिक्का वेगवेगळा असला तरी आतली यंत्रणा बहुतेकांत एकच असते, म्हणून हे परीक्षण त्या सगळ्यांना लागू पडावं.

आधी निकाल सांगतो. एलपी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेरे फिरणारी तबकडी, ऐकण्यापुरता हा प्लेअर ठीक आहे. ७८ गतीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्या मात्र जसा प्लेअर आला तसा त्यावर लावू नका. बटणावर ७८ लिहिलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

कारण सुईत आहे. प्लेअरसोबत येणारी लाल सुई एलपीची, टोकाची त्रिज्या साधारण ०.०१८ मिलिमीटर. ७८च्या तबकडीची चर खूप रुंद असते, तिला ०.०७६ मिलिमीटरच्या आसपासचं टोक लागतं. बारीक सुई चरीच्या भिंतींवर टेकतच नाही, ती तळाशी घसरत राहते, आणि तळाशी असते साठ-सत्तर वर्षांची धूळ. ऐकू येते ती नुसती खरखर, गाणं तिच्या मागे कुठेतरी. लोक म्हणतात रेकॉर्ड खराब झाली. बऱ्याचदा रेकॉर्ड धडधाकट असते. याच कार्ट्रिजला, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीला, बसणारी ७८ची सुई वेगळी मिळते. जुनी सुई पुढून खाली दाबली की निघते, नवी मागची खाच जुळवून ‘टक’ आवाज येईपर्यंत वर दाबायची. प्लेअर घेतानाच तीही मागून घ्या.

दुसरी उणीव वजनाची. या सिरॅमिक कार्ट्रिजचा भार ५ ते ६ ग्रॅम पडतो, चांगल्या प्लेअरवर तो २ ग्रॅमच्या आसपास असतो. इथे भार कमी-जास्त करायची सोयच नाही. ७८च्या लाखेच्या तबकडीला हा भार सहज पेलतो, पण नव्याने छापलेली महागडी एलपी यावर रोज लावू नये. आणि सुई उड्या मारते म्हणून आर्मवर, म्हणजे सुईच्या दांडीवर, नाणं ठेवण्याचा उपाय तर अजिबात नको. उड्या बहुतेक वेळा प्लेअरमधल्याच स्पीकरच्या हादऱ्याने बसतात. मागच्या लाल-पांढऱ्या पिनांतून आवाज बाहेरच्या स्पीकरला द्या आणि तो स्पीकर दुसऱ्या टेबलावर ठेवा. ७८ लावताना दोन्ही पिना एकत्र जोडणारी वाय-केबल वापरली तर खरखर आणखी कमी होते, कारण त्या तबकड्या मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज असलेल्या, आहेत आणि सुईच्या वर-खाली हलण्याचा आवाज तिथे कटतो.

आता गती. ज्या घरात कोणी हार्मोनियम काढून रेकॉर्डसोबत सूर धरणार असेल, तिथे हे सगळ्यात महत्त्वाचं. ७८च्या जागी तबकडी ८० फेरे फिरली तर सूर जवळपास पाव स्वर चढतो. तो काळी चारलाही जुळत नाही आणि पांढरी पाचलाही नाही. तपासायला कागदी स्ट्रोब चकती पुरते: आपल्या ५० हर्ट्झ विजेसाठी ७८ला ७७ रेघा आणि ३३⅓ला १८० रेघा असलेली. ती चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली फिरवायची. रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसल्या की गती बरोबर. एलईडी दिव्याखाली बहुधा काहीच दिसत नाही, तो चकतीचा दोष नव्हे. रेघा पुढे सरकत असतील तर मोटरच्या मागच्या छिद्रातला बारीक स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा पाहायचं. गती मधूनच डगमगत असेल तर स्क्रूला हात लावू नका. पट्टा सैल झालेला असतो, उन्हाळ्यात तो लवकर ताणतो. पट्टा बदला.

ऑटो-स्टॉपचा खटका बंदच ठेवा. काही तबकड्यांवर शेवटची ओळ संपायच्या आत तो फिरणं थांबवतो, आणि जेमतेम ३ मिनिटांच्या बाजूत शेवटची ओळ गमावणं जिवावर येतं.

धुण्याबद्दल एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ७८च्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, चरी पुसल्या जातात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, चरीच्या दिशेने गोल हात, साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसणं, आणि सावलीत उभी ठेवून वाळवणं. बस.

लेबलाला मात्र पाण्याचा थेंब लागू देऊ नका. त्या मापाची प्लास्टिकची गोल चकती वर दाबून धरा, मगच ओलं कापड फिरवा. १९४९च्या ‘महल’च्या पहिल्या तबकड्यांवर ‘आयेगा आनेवाला’खाली लतादीदींचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं, ‘कामिनी’, असं छापलं होतं. गाणारी कोण, हे ऐकणाऱ्यांनी विचारून विचारून मग नाव जाहीर झालं. गठ्ठ्यात तसली एखादी निघाली, तर ते फिकट अक्षर गाण्याइतकंच जपायचं आहे.