नाताळात घर बघायला जायचं, तर डब्लिन की पोर्टो?

जिथे कायमचं राहायचा विचार आहे ते शहर उन्हाळ्यात बघू नये, असं माझं मत आहे. जूनमध्ये कुठलंही शहर गोडच वागतं. आम्ही एक नाताळ आयर्लंडमधल्या डब्लिनला काढला, एक पोर्तुगालमधल्या पोर्टोला. दोन्हीकडे हॉटेल टाळून स्वयंपाकघर असलेली भाड्याची जागा घेतली.

निव्वळ शांतता हवी असेल तर डब्लिनला तोड नाही. 25 डिसेंबरला बस बंद, लुआस ट्राम बंद, रेल्वे बंद, विमानतळसुद्धा बंद. पबलाही कुलूप. 26 ला सेंट स्टीफन्स डे, म्हणजे परत सुट्टी. दूध-ब्रेड 24 च्या दुपारीच भरून ठेवायचं आणि पायी जाता येईल तेवढंच शहर आपलं मानायचं. आम्ही फिनिक्स पार्कजवळ उतरलो होतो म्हणून निभावलं. सातशे हेक्टरांचं रान, हरणांचे कळप, आणि माणूस औषधालाही नाही. सूर्य मात्र 8:40 च्या सुमारास उगवतो आणि चार वाजून गेले की मावळतो. पहिल्या दिवशी मजा वाटली, चौथ्या दिवशी नाही.

पोर्टोत खरा सण 24 च्या रात्री. त्या जेवणाला कोन्सोआदा म्हणतात: उकडलेला खारवलेला कॉड, बटाटे, कोबीची पानं. सगळं घरोघरी, त्यामुळे बाहेरच्या माणसाला त्या रात्री जेवायला जागा शोधावी लागते. पण 26 ला सार्वजनिक सुट्टी नाही. उजेडही डब्लिनपेक्षा दीड तासाहून जास्त.

एवढ्यावरून पोर्टो सरस वाटेल. आता घरात या. बाहेर दुपारी 14 अंश, तरी आत आम्ही स्वेटर घालून बसलेलो. तिथल्या जुन्या घरांत बहुतेक वेळा सेंट्रल हीटिंग नसतं, भिंतींना इन्सुलेशन नसतं, आणि डिसेंबर म्हणजे पावसाचा महिना. वाळत घातलेले मोजे तिसऱ्या दिवशीही ओलेच. शेवटी लेकीने हेअर ड्रायर लावला. कपाट जरासं ओढलं तर मागे बुरशीची काळी नक्षी. ऑगस्टमध्ये हेच घर आम्ही डोळे मिटून घेतलं असतं!

डब्लिनचं दुखणं उघडं आहे. घरं कमी, भाडी चढी. घरबसल्या जाहिराती चाळल्या तरी कळतं. पोर्टोचं दुखणं हिवाळ्यात आत राहिल्याशिवाय दिसत नाही. म्हणून हातात एकच नाताळ असेल तर मी पोर्टो म्हणेन. डब्लिनला जानेवारीच्या मध्यावर जा: एजंट कामावर आलेले असतात, बस धावत असतात, आणि अंधाराची चवही पुरेशी मिळते.

दोन्ही शहरं एकाच फेरीत उरकायचा बेत असेल, तर पोर्तुगाल शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, आयर्लंड नाही, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या. व्हिसा लागत असेल तर दोन वेगळे काढावे लागतील.