नाव १०५० टीआय, चिप कथलाची

नकली ग्राफिक्स कार्ड पहिल्या दिवशी व्यवस्थित चालतं, आणि खरी मेख तिथेच आहे. ते बसवलं की संगणक सुरू होतो, पडदा येतो, विंडोज नावापुढे ‘जीटीएक्स १०५० टीआय’ दाखवतं आणि मेमरी ४ जीबी सांगतं. घेणारा खूश होऊन पाच तारे देतो आणि खरेदीच्या साइटने अडकवून ठेवलेले पैसे विक्रेत्याला मिळून जातात. मग चार-आठ दिवसांनी एखादा जड गेम लावला जातो. मेमरीचा वापर १ जीबीच्या पुढे सरकला की पडद्यावर रंगीत पट्टे उमटतात, चित्र गोठतं, कधी सगळंच काळं होतं. विचारायला गेलं तर उत्तरं ठरलेली: पॉवर सप्लाय कमी पडतोय, विंडोज नव्याने टाका, आम्ही दिलेला ड्रायव्हरच (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वापरा. या तीन सूचना पाळता पाळता परतीची मुदत संपते.

हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) काढला की खाली बहुधा २०१० ची जीटीएस ४५० किंवा २०११ ची जीटीएक्स ५५० टीआय (चिपचं नाव जीएफ११६) सापडते. दोन्ही एनव्हिडियाच्या फर्मी पिढीतल्या, ४० नॅनोमीटरवर बनलेल्या, १९२ कोअरच्या (कोअर म्हणजे चिपमधले हिशोब करणारे छोटे भाग). खरी १०५० टीआय ऑक्टोबर २०१६ मध्ये १३९ डॉलरला आली. तिच्यात पास्कल पिढीतली १४ नॅनोमीटरची जीपी१०७ चिप, ७६८ कोअर आणि १२८ बिटच्या बसवर (चिप आणि मेमरीमधला मार्ग) ४ जीबी जीडीडीआर५ मेमरी असते. (१९२ विरुद्ध ७६८ म्हणजे बरोबर चौपट, असा हिशोब मात्र करू नका. फर्मीतले कोअर चिपच्या बाकी भागाच्या दुप्पट वेगाने धावत. तरीही अंतर मोठंच आहे.) नकलेसाठी नेमकी १०५० टीआयच निवडली जाते, कारण ती मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर, वेगळ्या वीजवायरीशिवाय, चालू शकते. त्यामुळे जुना संगणक वापरणाऱ्यांची तिच्यावर उडी पडते, आणि हे गिऱ्हाईक सहसा कार्ड उघडून बघत नाही.

ही नक्कल करायला कारखाना लागत नाही. कार्डाचा बायोस आठ पायांच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतो आणि नाव, ओळख क्रमांक, मेमरीचा आकडा या गोष्टी तो संगणकाला सांगतो. स्वस्त प्रोग्रॅमर चिमट्याने त्या चिपला लावून आतली फाइल काढायची, नाव आणि आकडे बदलायचे, परत लिहायची. दहा मिनिटांचं काम. पास्कल पिढीपासून एनव्हिडियाने बायोसची डिजिटल सही तपासायला सुरुवात केली, त्यामुळे नव्या चिपवर हा खेळ तितका सोपा राहिला नाही. नकली कार्डांत आत कायम जुनाट चिपच का निघते, याचं हे एक कारण. दुसरं उघड आहे: ती चिप भंगाराच्या भावात मिळते.

बायोस खोटं बोलू शकतो, सिलिकॉन नाही. चिपच्या आतल्या ओळखीच्या नोंदी बायोस बदलून पुसता येत नाहीत. जीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्या वाचतो आणि २०१८ मध्ये आलेल्या २.१२ आवृत्तीपासून नकली एनव्हिडिया कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असा शिक्का दाखवतो. शिक्का दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच खिडकीत चिपचं नाव आणि नॅनोमीटरचा आकडा बघा. १०५० टीआय असेल तर जीपी१०७ आणि १४ दिसलंच पाहिजे. ओळख क्रमांकाची जोडी १०डीई–१सी८२ अशी असते, पण तो बायोसमधून बदलता येतो, म्हणून एकट्या क्रमांकावर विसंबू नये.

प्रोग्रॅम न लावताही बरंच कळतं. पास्कल चिपमधून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल काढून टाकलेला आहे, त्यामुळे ‘१०५० टीआय’च्या पाठीवर निळं व्हीजीए सॉकेट दिसलं तर तिथेच थांबा. ६ पिनचं वीजसॉकेट मात्र पुरावा नव्हे, काही खऱ्या १०५० टीआयवरही ते असतं. मग मेमरीच्या चिपा मोजा. जीडीडीआर प्रकारची प्रत्येक चिप साधारणपणे ३२ बिट पुरवते, म्हणून बसच्या रुंदीला ३२ ने भागलं की चिपांची संख्या येते. १२८ बिटला ४, १९२ ला ६, ३८४ ला १२. हीटसिंकच्या फटीतून टॉर्च मारून ६ चिपा मोजता आल्या, तर समोरची वस्तू १०५० टीआय नाही. अपवादही ठाऊक हवेत: बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिपा लावल्या तर संख्या दुप्पट होते. १६ जीबीच्या आरटीएक्स ४०६० टीआयवर १२८ बिटलाच ८ चिपा असतात आणि ते कार्ड अस्सल असतं.

सॉफ्टवेअरच्या दोन खुणाही नकली कार्डाला लपवता येत नाहीत. फर्मीला एनव्हिडियाने व्हल्कन (गेमना कार्डाशी बोलायला लागणारी नवी प्रणाली) कधीच दिलं नाही. आणि व्हिडिओ एन्कोड करणारा एनव्हेंक हा भाग २०१२ च्या केप्लर पिढीत आला, म्हणजे फर्मीत तो नाहीच. पडदा रेकॉर्ड करणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये एनव्हेंकचा पर्याय दिसत नसेल, तर शंका घ्यायला जागा आहे. ड्रायव्हर मात्र नीट निवडा. पास्कलसाठी ५८० मालिका ही शेवटची. त्याहून नवा ड्रायव्हर टाकून पाहिला आणि तो बसला नाही, तर अस्सल कार्डही नकली वाटेल. उलट, विक्रेत्याने स्वतःच ड्रायव्हरची सीडी किंवा लिंक दिली असेल तर तो त्याने आपल्या हाताने दिलेला पुरावा समजा. फर्मीचा नियमित आधार २०१८ मध्ये, ३९१.३५ च्या आसपास संपला, आणि खोट्या ओळखीवर कंपनीचा ड्रायव्हर टिकत नाही, म्हणून त्याला फेरफार केलेला ड्रायव्हर द्यावा लागतो.

आता न आवडणारी गोष्ट. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ हा धंदा भुरट्यांनी शोधलेला नाही. नावाखाली चिप बदलायचा धडा त्यांना कंपन्यांनीच घालून दिला.

तांत्रिक कारण प्रामाणिक आहे. सिलिकॉनच्या तबकडीवर छापलेल्या सगळ्या चिपा निर्दोष निघत नाहीत, म्हणून बिघडलेला भाग बंद करून उरलेली चिप खालच्या दर्जाची म्हणून विकतात. जीपी१०६ मध्ये १२८ कोअरचे १० गट आहेत. दहाही चालू ठेवले की १२८० कोअर, एक बंद केला की ११५२. यात गैर काही नाही, उलट चिप कचऱ्यात जात नाही. गैर हे की २०१६ मध्ये दोन्ही ‘जीटीएक्स १०६०’ म्हणूनच विकल्या गेल्या, फरक फक्त ६ जीबी आणि ३ जीबी या आकड्यांत. वाचणाऱ्याला वाटणार मेमरीच कमी आहे. प्रत्यक्षात चिपही कापलेली. जीटी १०३० ची गोष्ट याहून वाईट. २०१७ च्या जीडीडीआर५ आवृत्तीत मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता, २०१८ च्या डीडीआर४ आवृत्तीत तो १६.८ वर आला. नाव तेच आणि खोकंही जवळपास तेच. ८ जीबीच्या आरटीएक्स ३०६० मध्ये कोअर तेवढेच, ३५८४, पण बस १९२ वरून १२८ बिटवर आली आणि वेग ३६० वरून २४०. आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी आवृत्तीत २५६० चे २३०४ कोअर झाले आणि बस ९६ बिटवर आली.

प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीही यात सोवळी नाही. २०१७ मध्ये आरएक्स ५६० ही १०२४ कोअरची म्हणून आली आणि त्याच वर्षी ८९६ कोअरची कार्डं त्याच नावाने दुकानांत दिसू लागली. बोंब झाल्यावर कंपनीने गोंधळाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मग २०१८ मध्ये ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ आली. खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात. २०४८ हा आकडा ५७० चा. जुनं कार्ड विकणाऱ्याला इथे बायोसला हातही लावावा लागत नाही, जाहिरातीतून शेवटचे पाच-सात अक्षर-आकडे गाळले की काम झालं.

कधीकधी लोकांची ओरड कामी येते. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० दोन रूपांत जाहीर झाली: १६ जीबी, ९७२८ कोअर, ११९९ डॉलर, आणि १२ जीबी, ७६८० कोअर, ८९९ डॉलर. दुसरीत चिपच वेगळी होती, एडी१०३ ऐवजी एडी१०४. विक्रीआधीच ऑक्टोबरमध्ये ती मागे घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये तीच चिप ‘४०७० टीआय’ नावाने ७९९ डॉलरला आली. नुसतं नाव सुधारलं तर १०० डॉलर उतरले! जीटीएक्स ९७० च्या वेळी मात्र उलगडा व्हायला चार महिने गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या या कार्डाची ४ जीबीपैकी शेवटची अर्धी जीबी फार मंद होती आणि आरओपी (चित्राचे ठिपके शेवटी मेमरीत लिहिणारे भाग) ६४ नसून ५६ होते, हे जानेवारी २०१५ मध्ये बाहेर आलं. अमेरिकेत प्रकरण कोर्टात जाऊन दर कार्डामागे ३० डॉलरवर मिटलं.

दोन कंपन्यांच्या दरयुद्धाचाही एक चटका वापरलेल्या कार्डांना बसलेला आहे. जानेवारी २०२० मध्ये एएमडीची आरएक्स ५६०० एक्सटी यायच्या तोंडावर एनव्हिडियाने आरटीएक्स २०६० चा भाव २९९ डॉलरवर आणला. एएमडीने शेवटच्या क्षणी नवा बायोस काढला आणि मेमरी १२ वरून १४ जीबीपीएसवर नेली. पण खोकी तोवर दुकानांत पोहोचली होती. काही कार्डांवर नवा बायोस कधी चढलाच नाही, काहींना तो मिळालाच नाही. आजही ५६०० एक्सटी घेताना जीपीयू-झेडमध्ये बँडविड्थ (मेमरीचा वेग) बघा: ३३६ म्हणजे वेगवान, २८८ म्हणजे जुनी. भाव दोन्हींचा एकच सांगतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर हिशोब करून नाणी कमावणं) बंद झालं आणि वापरलेल्या कार्डांचा पूर आला. त्यातली पी१०६-१०० ओळखून ठेवा. कोअर १२८०, मेमरी ६ जीबी, म्हणजे कागदावर थेट जीटीएक्स १०६०. पण हे मायनिंगचं कार्ड, त्याला पडद्याची वायर जोडायला सॉकेटच नसतं. लॅपटॉपच्या चिपा बसवलेली ‘आरटीएक्स ३०६०’ही फिरते. तिच्यात ३८४० कोअर असतात, डेस्कटॉपच्या ३५८४ पेक्षा जास्त, आणि विक्रेता नेमका तोच आकडा मोठ्याने सांगतो. मेमरी १२ च्या जागी ६ जीबी आहे आणि कंपनीचा ड्रायव्हर सरळ बसत नाही, हे तो सांगत नाही.

सगळ्यात महागडी फसवणूक ४०९० ची. ऑक्टोबर २०२३ च्या अमेरिकी निर्यात नियमांनी हे कार्ड चीनला पाठवण्यावर बंधन आलं. मग कार्डांतून मुख्य चिप आणि २४ जीबी मेमरी काढून दुसऱ्या बोर्डांवर बसवायचा उद्योग सुरू झाला, आणि उरलेली कवचं बाजारात आली. ‘डिस्प्ले येत नाही, किरकोळ काम आहे’ असं सांगून ती विकली जातात. वजनावरून काही कळत नाही, कारण वजन जवळजवळ सगळं कूलरचंच असतं. बंद पडलेलं ४०९० घ्यायचंच असेल तर कूलर काढलेल्या बोर्डाचा फोटो मागा: मधली चिप आणि भोवतीच्या १२ मेमरी चिपा मोजता आल्या पाहिजेत. विक्रेता ‘सील तुटेल’ म्हणाला तर नाद सोडा.

कार्ड हातात आल्यावरचा क्रम चुकला की हातचा पुरावा जातो. खोकं उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून कार्डाच्या सिरियल नंबरपर्यंत न तोडता व्हिडिओ घ्या. कार्ड बसवून आधी जीपीयू-झेड चालवा आणि पूर्ण पडद्याचं चित्र साठवा. त्याच प्रोग्रॅमने बायोसची प्रत काढून ठेवा. मग कंपनीच्या संकेतस्थळावरूनच ड्रायव्हर. त्यानंतर ओसीसीटी या प्रोग्रॅमची मेमरी चाचणी, जवळजवळ सगळी मेमरी भरेल अशी. १ जीबीचं ४ जीबी केलेलं कार्ड इथे आडवं होतं. शेवटी अर्धा तास सलग थ्रीडी भार. हीटसिंकला मात्र तक्रार निकाली निघेपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर लावू नका. सील तुटलं की दोष तुमचा ठरवला जातो. आणि ‘अर्धे पैसे परत देतो, कार्ड ठेवा’ हा निरोप हमखास येतो. तो स्वीकारला की बहुतेक ठिकाणी तक्रार कायमची बंद होते, म्हणून तो नाकारतानाचं संभाषणही जपून ठेवा.

परत न जाणारं नकली कार्ड टाकाऊ नसतं. मूळ चिपचा योग्य बायोस लिहून ३९१.३५ ड्रायव्हर टाकला की दुसऱ्या पडद्यापुरतं ते चालतं. कुणाला द्यायचं झालं तर आधी बोर्डाच्या पाठीवर न पुसणाऱ्या पेनाने लिहा: जीएफ११६, १ जीबी.